सोफा उलटा करून बघा

माझं काम सोफ्यांच्या पोटातलं. बाबांनी सोफा-दुरुस्तीचं वर्कशॉप सुरू केलं, त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि आता ते मीच बघते. लोक सोफा समोरून बघून घेतात. माझ्याकडे येतो तेव्हा आम्ही तो उलटा करतो, खालचं काळं कापड उसवतो आणि मग कळतं की आत काय होतं. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक नवीन सोफा घ्यायच्या आधी विचारतात, "ताई, घर लहान आहे, कुठला घेऊ?" त्यावर मी आधी उलट विचारते: त्यावर रोज कोण बसणार, आणि झोपायला कोणी असेल तर वर्षातल्या किती रात्री?

लहान घरात एकच सोफा असतो आणि तो सगळ्यांना पुरायचा असतो. सगळ्यांना सारखा सोयीचा सोफा मिळत नाही, म्हणून कोणाच्या सोयीने घ्यायचा हे आधी ठरवावं. माझं मत पक्कं आहे: घरात ज्याला उठायला सगळ्यात जास्त त्रास होतो, त्याच्या सोयीने.

मागे एक काकू मुलाबरोबर आल्या होत्या. सोफा जवळजवळ नवा, कापडाला डागसुद्धा नाही. मुलगा म्हणाला, "आई यावर बसतच नाही, खुर्ची ओढून घेते." मी काकूंना त्यावर बसायला सांगितलं. बैठकीची उंची जमिनीपासून १७ इंच होती, म्हणजे कागदावर चांगली. पण काकू बसल्या आणि बैठक तीन-साडेतीन इंच खाली गेली. गुडघे कमरेच्या वर आले. उठताना त्यांनी एक हात सोफ्याच्या हातावर टेकला, तर तो इतका बुटका आणि फुगीर की जोर लावायला काही सापडेना. दुसरा हात त्यांनी मुलाच्या खांद्यावर ठेवला. आम्ही बैठकीचा फोम बदलला, खालचे सैल झालेले पट्टे काढून नवे ताणून बसवले आणि पाय दोन इंचांनी उंच केले. पाय बहुतेक वेळा बोल्टवर किंवा स्क्रूवर असतात, त्यामुळे हे काम अवघड नसतं. हाताचं मात्र फारसं काही करता आलं नाही.

तेव्हा उंची मोजायची ती माणूस बसल्यावर. बसलेल्या अवस्थेत १६ ते १८ इंच बहुतेक मोठ्या माणसांना ठीक पडते. पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या साधारण जमिनीला समांतर राहिल्या पाहिजेत. खोलीचंही तसंच, म्हणजे बैठकीच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. २० ते २२ इंच खोली बऱ्याच जणांना जमते. २४ इंचांच्या पुढे गेलात की बुटक्या माणसाला एक तर पाठ सोडून कडेवर बसावं लागतं, नाहीतर पाय वर घ्यावे लागतात. शोरूममध्ये असा खोल सोफा फार सुखाचा वाटतो, कारण तिथे आपण दोन मिनिटं रेलून बसतो. पंधरा-वीस मिनिटं बसा. घरी बसता तसे बसा, फोन बघत, मांडी घालून, कुशीवर वळून. विक्रेता समोर उभा आहे म्हणून संकोच करू नका. आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला बरोबर न्या, त्याच्या वतीने तुम्ही बसून बघण्यात अर्थ नाही.

आता जागेचं. लोक सोफ्याची बाहेरची लांबी विचारतात. तुम्ही हातांची जाडी विचारा. सहा फुटी सोफ्याचे दोन्ही हात नऊ-नऊ इंचांचे असतील, तर दीड फूट हातांतच गेला. बसायला उरले साडेचार फूट, म्हणजे दोन माणसं. तोच सहा फुटी सोफा चार-चार इंची हातांचा घेतला, तर पाच फूट चार इंच मिळतात आणि तिसरं माणूस, जरा चेपून का होईना, बसतं. भिंत तीच, जागा तीच. लहान घरासाठी जाड गुबगुबीत हातांचा सोफा घेतलेला दिसला की मला खरंच वाईट वाटतं.

सोफा-कम-बेडच्या बाबतीत तर हा हिशोब अंगावर येतो. पाठ मागे पाडून सपाट करायचा जो प्रकार असतो, त्यात माणूस सोफ्याच्या लांबीत झोपतो. हात जागच्या जागी राहणार असतील, तर सहा फुटी सोफ्यात झोपायला सहा फूट नसतात. उंच पाहुण्याचे पाय रात्रभर हातावर. शिवाय बैठक आणि पाठ जिथे मिळतात ती फट बरोबर अंगाखाली येते, आणि पाठ पाडण्यासाठी अनेक मॉडेल भिंतीपासून पुढे ओढावी लागतात. हा प्रकार अधूनमधूनच्या पाहुण्यासाठी ठीक. बैठकीखालून दुसरा भाग पुढे ओढून काढायचा प्रकार झोपायला जास्त मोकळा, पण तो उघडल्यावर खोलीत किती पुढे येतो ते मोजा. झोपण्याची दिशा भिंतीकडून खोलीकडे असेल, तर भिंतीपासून सात फूट किंवा त्याहून जास्त जागा जाते. जमिनीवर चिकटपट्टी लावून तेवढा चौकोन आखा आणि रात्री उठून बाथरूमला जायची वाट राहते का बघा. तिसरा प्रकार आत घडी केलेल्या लोखंडी फ्रेमचा, त्यावर पातळ गादी. गादी जाड केली तर घडी बसत नाही, पातळ ठेवली तर मधली दांडी पाठीला लागते. माझ्याकडे तक्रारी सगळ्यात जास्त याच प्रकारच्या येतात.

न्यूयॉर्कमधल्या बर्नार्ड कॅस्ट्रो यांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कंपनी अशा सोफ्यांसाठी अमेरिकेत घरोघरी ठाऊक झाली. १९४८ मध्ये त्यांनी टीव्हीवर जाहिरात दिली, तीत त्यांची चार वर्षांची मुलगी बर्नाडेट एकटीने सोफा उघडून पलंग करते. इतक्या वर्षांनंतरही मला ही परीक्षा सर्वांत चोख वाटते. दुकानात विक्रेत्याला उघडू देऊ नका, स्वतः उघडा, मिटा, पुन्हा उघडा. घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला उघडता आला पाहिजे. ज्याला दोन माणसं लागतात, तो सोफा काही महिन्यांत कायमचा बंद राहतो किंवा कायमचा उघडा.

आणि वर्षातून चार-पाच रात्रींसाठी कोणी येणार असेल, तर सोफा-कम-बेड घेऊच नका असं मी सरळ सांगते. यंत्रणेमुळे सोफा जड होतो, बैठक कडक होते, आणि त्या चार रात्रींसाठी उरलेले सगळे दिवस घरचे लोक तडजोड करून बसतात. बिनयंत्रणेचा, काढता येणाऱ्या पाठीच्या उशांचा साधा सोफा घ्या. उशा काढल्या की एका माणसापुरती रुंदी मिळते. दुसऱ्यासाठी घडीची गादी. पण कोणी रोज झोपणार असेल, शिकायला आलेला भाचा असो की एका खोलीतलं जोडपं, तर उलटं करा: आधी पलंग म्हणून पारखा, सोफा म्हणून नंतर. आडवे व्हा, कूस बदला, कंबर खाली जाते का बघा.

फोमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. '४० डेन्सिटी' म्हणजे कडक आणि '२८' म्हणजे मऊ, असं लोक धरून चालतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन, बस. कडकपणा हा वेगळा गुण आहे. ४० चा फोम मऊसुद्धा मिळतो आणि २० चा कडकसुद्धा. हलका पण कडक फोम दुकानात मस्त वाटतो आणि वर्षा-दोन वर्षांत खड्डा पडतो. बैठकीला मी ३२ च्या खाली जात नाही, रोज झोपायचं असेल तर ४०. पाठीला २८ चालतो.

हे घरी तपासता येतं. कुशन सुटं असेल तर ते बॅगा तोलायच्या काट्याला लावा. दोन फूट बाय दोन फूट बाय पाच इंच अशा कुशनमध्ये ४० चा फोम असेल, तर फोमचंच वजन जवळपास १ किलो ९०० ग्रॅम भरतं. ३२ चा असेल तर दीड किलो. २० चा असेल तर किलोच्याही खाली. कव्हरचं वजन थोडं धरा. फोमवर दुसरं अस्तर गुंडाळलेलं असेल तर आकडा थोडा सरकतो, पण ४० सांगून २० दिलेला लपत नाही.

चौकटीसाठी पुढचा एक पाय धरून सोफा वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उठला पाहिजे. तो जमिनीवरच राहिला आणि चौकट पिळली, करकरली, तर आत सांधे कच्चे आहेत. मी उघडलेल्या अनेक सोफ्यांत कोपऱ्यांना नुसत्या स्टेपल पिना होत्या, आणि पायांचे स्क्रू पार्टिकल बोर्डमध्ये. ओढताना तो बोर्ड भुग्यासारखा सुटतो आणि मग पाय परत धरत नाही. टणक लाकूड किंवा जाड प्लायवूड, कोपऱ्यात तिरके ठोकळे, गोंद आणि स्क्रू दोन्ही, एवढं असेल तर तो सोफा दोन वेळा कापड बदलून घेण्याच्या लायकीचा असतो. दुकानदाराला विचारा की खालचं कापड एका कोपऱ्यात उचलून दाखवाल का. ज्याला मालाची खात्री असते तो दाखवतो.

घरात आणायची वाटही मोजा: दार, जिना, जिन्याचं वळण, लिफ्टची उंची. काटकोनी वळणातून जास्तीत जास्त किती मोठा आकार नेता येईल, हा प्रश्न गणितज्ञ लिओ मोझर यांनी १९६६ मध्ये सोफ्याच्याच नावाने मांडला. जोसेफ गेर्व्हर यांनी १९९२ मध्ये सुचवलेला आकार मीटरभर रुंद बोळातून जातो, त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.२२ चौरस मीटर. त्याहून मोठा आकार जाऊच शकत नाही, अशी सिद्धता २०२४ मध्ये मांडली गेली. आपल्यापुरतं सांगायचं तर पाय आणि पाठ सुटी होणारा सोफा घ्या. जिन्यात सोफा उभा करून फिरवता येतो, हा आमचा फायदा.

कापडाला मार्टिनडेल नावाची घासण्याची चाचणी असते. किती वेळा घासेपर्यंत कापड टिकतं, तो तिचा आकडा. रोजच्या वापराला तो २०,००० च्या पुढचा बघा. घट्ट विणीचं घ्या, मांजर असेल तर नक्कीच. रेक्झीन मला लहान घरात नको वाटतं, कारण एकाच जागी रोज बसलं की घाम आणि दमटपणाने वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटतो आणि त्यावर दुरुस्ती नाही, कापडच बदलावं लागतं. चेन दिसली म्हणून कव्हर धुता येतं असं समजू नका, बऱ्याचदा ती फक्त फोम भरण्यासाठी असते. लेबल वाचा.

आणि घेतानाच त्याच थानातलं दीड-दोन मीटर जास्तीचं कापड मागून ठेवा. हाताची पुढची बाजू आणि बैठकीची कड आधी झिजते, आणि तोपर्यंत तो रंग बाजारातून गेलेला असतो.