आजींच्या तीन पायऱ्या

इंदूरला मी एस्टिमेटचं काम करते. रस्ता असो, ड्रेनेजची लाइन असो, मोजमाप घ्यायचं आणि दरसूचीप्रमाणे आकडा काढून द्यायचा. अठरा वर्षं झाली. ज्यांच्या दारात ते काम व्हायचं, त्यांच्यासमोर उभं राहून आकडा मांडायची वेळ मात्र एकदाच आली.

रामबागेकडची जुनी वस्ती. तिथल्या पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, ठरवलं होतं की या वेळी निधीतली कामं लोकांना विचारूनच घ्यायची. इंदूरला 85 वार्ड. 2011 च्या जनगणनेतली सुमारे 20 लाख माणसं धरली तरी वार्डामागे तेवीसेक हजार होतात. म्हणून गल्लीगल्लीतून काही घरं बोलावली आणि मला म्हणाले, "मॅडम, भाव तुम्ही सांगा."

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात साठेक जण जमले. मी एस्टिमेट तयार करूनच गेले होते. 300 फूट लांब, 12 फूट रुंद गल्ली, वर सहा इंच काँक्रीट, म्हणजे 1800 घनफूट. फळ्यावर मांडलं. रस्ता सगळ्यांनाच हवा होता. हात वर होणार, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "हे सहा इंच टाकणार कशावर?"

"आहे त्याच रस्त्यावर, आजी."

"म्हणजे आणखी वर. पोरी, माझ्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. आता एकच उरली आहे."

मी टेप काढली. निम्मी सभा माझ्यामागे गल्लीत आली. एका चेंबरपाशी रस्त्याची कड फुटली होती, तिथे थर स्पष्ट दिसत होते. एकावर एक तीन काँक्रीट, मिळून दीड फूट. दर वेळी कुणीतरी चांगला नवा रस्ता करून दिला होता आणि दर वेळी घरं अर्धा फूट खाली गेली होती. गल्लीतल्या 26 घरांपैकी 11 घरांची फरशी रस्त्याहून खाली भरली. दोन दारांत विटांचे बांध घातलेले. एका घरातल्या ताईंनी भिंतीवरची ओल दाखवली, कमरेपर्यंत. माझ्या वहीत लांबी, रुंदी, जाडी यांचे रकाने होते. उंबरठ्याच्या उंचीचा नव्हता. ते मला फार लागलं.

मंडपात परतून गणित पुन्हा मांडलं. जुने थर फोडायचे, मलबा उचलायचा, खाली लाइन बदलायची आणि मग काँक्रीट. खर्च दुपटीवर गेला. म्हणजे शेजारच्या गल्लीचा रस्ता त्या वर्षी होणार नव्हता. तिथला एक तरुण उठला. "आमच्याकडे खड्डे आहेत, त्यांचं काय?" त्याचं बरोबरच होतं. मग अर्धा-पाऊण तास चांगलीच वादावादी झाली.

ती थांबली भावांमुळे. कुणी विचारलं, चेंबरचं झाकण बदलायला किती? एका खांबावर लाइट लावायला किती? फक्त खड्डे भरायला किती? मी सांगत गेले आणि लोक आपापल्या मागण्या कापत गेले. त्या तरुणाच्याच गल्लीतले एक काका म्हणाले, "आम्हाला खड्डे भरून आणि दोन झाकणं बदलून द्या. रस्ता पुढच्या वर्षी." लोकांना विचारलं तर ते वाट्टेल ते मागतात, असं मी कामाच्या ठिकाणी कितीदा तरी ऐकलं आहे. त्या दिवसानंतर मी ते मान्य करत नाही. त्यांना भाव कुणी सांगितलेलाच नसतो.

लोकांना विचारून कामं ठरवणं काही नवं नाही. पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या भागातली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवतात. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये वस्तीसभांतून अंदाजपत्रक ठरवायला सुरुवात केली. तिथे पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या 1988 मध्ये 75 टक्के घरांना होत्या, 1997 पर्यंत 98 टक्क्यांना झाल्या. लोकांनी आधी जमिनीखालचं मागितलं. आपल्याकडे 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे आणि 3 लाखांवरच्या शहरांत वार्ड समित्या असाव्यात असं ती सांगते. मग हा रविवार माझ्या आयुष्यात अठरा वर्षांनी का यावा?

काम पावसाळ्याआधी झालं. थर फोडले तेव्हा दुसरी पायरी वर आली, काळ्या दगडाची, कड झिजलेली. तिसरी नाही आली. बाहेरचा मोठा रस्ता जेवढा उंच आहे, त्याच्या खाली गल्ली नेली असती तर सगळं पाणी आतच तुंबलं असतं. मी आजींना ओट्यावर बसून लेव्हलचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"तिसरी अजून खाली आहे ना?"

"आहे, आजी."

"मग वहीत लिहून ठेव. पुढच्या वेळी येणाऱ्याला कळायला हवं."

मी लिहिलं. आता माझ्या वहीत तो रकाना आहे.