परभणीच्या उन्हातले सायकस : यंदाच्या पालवीची नोंद

यंदा माझ्या दोन्ही सायकस रिव्होल्युटानं (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) पालवी टाकली, मोठ्यानं मे मध्ये आणि लहान्यानं पहिला पाऊस पडल्यावर, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आमच्याकडं परभणीत हे झाड घेणाऱ्याला आधी उन्हाचीच भीती वाटते, सगळे म्हणतात सावलीत ठेवा. पण माझं मत आता पक्कं झालंय की आपल्या भागात सायकसला ऊन मारत नाही, माती आणि बोअरचं पाणी मारतं. जून झालेलं पान 43 डिग्री पण झेलतं, फक्त शेडनेटखालचं झाड आणून एकदम गच्चीवर ठेवायचं नाही, हळूहळू सरकवायचं.

खरा त्रास असा आहे बघा. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) 8 च्या वर सहज जातो आणि बोअरचं पाणी जड. अशा मातीत मँगनीज असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही, मग नवीन पानं पिवळी, आखडलेली, टोकं करपलेली निघतात, यालाच फ्रिझल टॉप म्हणतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, मग अजून बोअरचं पाणी ओततात आणि वरून युरिया, आणि काळी माती ओल धरून बसते की बुंधा सडायला सुरुवात. ओळखायची सोपी खूण म्हणजे जुनी पानं पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमकडं बघा, नवीनच पिवळी निघाली तर मँगनीज.

लहान्याची मागची पालवी अशीच आखडलेली आली होती. कुंडी बदलून जाडी वाळू, बारीक मुरूम, थोडं कोकोपीट आणि मुरलेलं शेणखत असं मिश्रण केलं, काळी माती अजिबात नाही. मँगनीज सल्फेट लिटरला साधारण 2 ग्रॅम घेऊन फवारलं, आणि पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून तेच घालतो. जुनी आखडलेली पानं परत सरळ होत नाहीत, औषधाचा गुण पुढच्या पालवीत दिसतो, त्यामुळं धीर धरावाच लागतो. यंदाची पानं मात्र हिरवीगार, एकदम सरळ, बघून लै बरं वाटलं!

कुंडी बदलताना मुळांवर पोवळ्यासारखे गाठींचे झुबके दिसले तर घाबरून कापू नका. डाळिंबवाल्यांना ते सूत्रकृमीचं (मुळांना गाठी आणणारी बारीक कीड) वाटेल, पण त्यात नील-हरित शैवाल राहतं आणि ते हवेतला नत्र झाडाला देतं. म्हणून युरियाची घाई मला पटत नाही.

पालवी उलगडत असताना कुंडी फिरवायची पण नाही, नाहीतर पानं उजेडाकडं वाकडी होतात. आणि त्याच दिवसांत एक छोटं निळसर फुलपाखरू येतं, प्लेन्स क्युपिड, ते कोवळ्या पानांवर अंडी घालतं आणि अळ्या अख्खी पालवी खाऊन टाकतात. वर मुंग्या फिरायला लागल्या की समजायचं अळी आहे. मी पालवीचा कोंब दिसला की मच्छरदाणीचं कापड सैल बांधतो, पानं कडक झाली की काढतो. लिंबोळी तेलापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

घरात लहान लेकरं किंवा कुत्रं असेल तर झाड उंचावर ठेवा, सगळं झाडच विषारी असतं, बिया तर फारच.

शंकू (सायकसचा फुलोऱ्यासारखा भाग) अजून कुठल्याच झाडाला नाही, त्यामुळं नर की मादी ते कळायचंय. लंडनच्या क्यू गार्डनमधलं 1775 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं एन्सेफॅलार्टोस (सायकसच्याच गटातलं झाड) अजून कुंडीतच आहे आणि त्यानं 1819 मध्ये शंकू धरला होता, तेव्हा आपण कशाला घाई करायची.

मोठ्याच्या बुंध्याला दोन पिल्लं (बाजूची छोटी रोपं) फुटलीत. थंडी सरली की काढणार, जखम सावलीत चांगली वाळवून मग नुसत्या वाळू-मुरमात लावणार. मराठवाड्यात कुणी पिल्लं जगवली असतील तर काढल्यावर पहिलं पाणी कधी दिलं तेवढं सांगा.