शिळं गाणं

आमच्या मुलुंडच्या घरात स्वयंपाकघरात पंखा नाही. म्हणजे होता, पण गॅसची ज्योत सारखी विझायची म्हणून काढून टाकला आणि एक्झॉस्ट बसवला, आणि एक्झॉस्टचा आवाज असा की फोनवर कितीही मोठ्याने गाणं लावा, ऐकू येतात फक्त तबल्याचे ठोके. मग मी फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवतो. आवाज जरा डब्यातून आल्यासारखा येतो पण मोठा येतो. (एकदा घाईत त्याच पातेल्यात पाणी ओतणार होतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथे वाचलं तर कळेल.)

मंगळवार-गुरुवार माझं घरून काम असतं, त्यामुळे त्या दिवशी दुपारचं जेवण माझ्याकडे. आई हॉलमध्ये पंख्याखाली, खिडकीत तिचा ट्रान्झिस्टर, त्यावर विविध भारती. ती १९५७ ची आणि विविध भारतीसुद्धा त्याच वर्षीची, ३ ऑक्टोबरला सुरू झालेली, पण आई चैत्रातली म्हणजे सहा महिन्यांनी मोठी, आणि हे ती दर दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी ऐकवतेच.

तर मागच्या उन्हाळ्यात मी म्हटलं हॉलचा आवाज आत पोचत नाही तर आकाशवाणीच्या ॲपवर तेच स्टेशन फोनवर लावू, दोघं एकच ऐकू. लावलं. आणि घरात भुताटकी झाल्यासारखं झालं, हॉलमध्ये गाण्याचा अंतरा चालू आणि माझ्या पातेल्यात अजून निवेदिका कोणी कोणी फर्माईश पाठवली त्यांची नावं वाचतेय. आईला वाटलं मी मुद्दाम रेकॉर्ड करून लावतोय. तिला समजावून सांगितलं की नेटवर आवाज सलग येत नाही, त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते कुठल्यातरी सर्व्हरवर जातात, तिथून आपल्या फोनवर येतात, आणि मध्येच रेंज गेली तर खंड पडू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे साठवून मगच वाजवायला लागतो, म्हणून अर्धा मिनिट मागे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझं गाणं शिळं."

तेव्हापासून आमच्याकडे हाच शब्द पडलाय.

शिळ्यावरून आठवलं, मे महिन्यात रात्रीचा भात मुंबईत बाहेर ठेवायची सोय नाही, सकाळपर्यंत आंबूस वास मारायला लागतो. दुपारी तापमान चौतीस-पस्तीसच दिसतं ॲपवर, नागपूरचा मित्र हसतो, अरे हा काय उन्हाळा, पण त्याला काय माहीत की इथे घाम सुकतच नाही, हवेतच एवढी वाफ की अंगावरची जाणार कुठे. त्यामुळे आमचा उन्हाळ्याचा स्वयंपाक म्हणजे गॅससमोर कमीत कमी उभं राहायचं. दहीभात सगळ्यात भारी. भात जरा मऊ करायचा, कोमट असतानाच चेचायचा, दूध भरपूर आणि दही फक्त एक-दोन चमचे, जेवणाच्या वेळेपर्यंत आपोआप लागतं आणि आंबट होत नाही. नुसतं दही घालून कालवला की दोन तासांत तोंड वाकडं. वरून तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता आणि तळलेली सांडगी मिरची कुस्करून. सोबत कैरीचा तक्कू. कैरी किस, कांदा किस, गूळ, तिखट, मीठ, वर गार केलेली फोडणी, संपलं. दोन गाण्यांत होतं.

हो, मी वेळ गाण्यात मोजतो. ही सवय आईची. जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांची असायची कारण ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं, त्यामुळे आईला एक गाणं म्हणजे किती वेळ ते हातात बसलेलं आहे, शेवया भाजायला एक, रवा मंद गॅसवर भाजायला तीन. रेडिओवर हे चालतं. माझ्या म्युझिक ॲपवर चालत नाही, हे मला मेथांब्याने शिकवलं.

त्या दिवशी मेथांबा टाकलेला, फोडणीत मेथ्या लाल झाल्या, कैरीच्या फोडी मऊ झाल्या, गूळ घातला, आणि म्हटलं आता हे पुढचं गाणं संपलं की गॅस बंद. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला, मी लॅपटॉपकडे. आता माझ्या अकाउंटवरून आईसुद्धा ऐकते, तिची भावगीतं, अभंग, शास्त्रीय, सगळं माझ्याच नावावर जमा होतं, त्यामुळे ॲपला मी नक्की कोण आहे तेच कळत नाही. त्याने दुपारची वेळ बघून की काय, माझ्या रॉकच्या मागोमाग शुद्ध सारंग लावला. विलंबित. मी कॉलवर एका कानाने ऐकतोय, आलाप चालू आहे, म्हणजे गाणं संपलेलं नाही, म्हणजे मेथांबा ठीक आहे. आत गेलो तेव्हा बुवा अजून द्रुतलासुद्धा पोचले नव्हते आणि पातेल्यात गुळाचा पक्का पाक. गार झाल्यावर चमचा उभा राहिला. आईने तो तुकडा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाली चिक्की चांगली झालीय, जरा कडू आहे.

यावर मी काय केलं, तर फोन काढून शोधत बसलो, मेथांबा कडक झाला तर काय करावं. हा माझा खरा रोग. आई दोन हातांवर बाहेर बसलेली असते, तिला विचारलं तर चार शब्दांत उत्तर मिळतं (गरम पाणी घाल की), पण मी आधी नेटवर जाणार. तिथे कोणाच्या तरी आजोळच्या आठवणींची आठ परिच्छेदं, मग जाहिरात, मग साहित्य, साहित्यात मीठ 'चवीनुसार'. व्हिडिओ बघायला जावं तर चौदा मिनिटं आणि त्यात चार मिनिटं नमस्कार. मध्येच स्क्रीन बंद होते, हाताला गूळ, अंगठा लागत नाही, नाकाने फोन उघडायचा प्रयत्नसुद्धा केलाय.

आणि टॅब बंद करायचे नाहीत हा दुसरा रोग. माझ्या फोनवर ब्राउझरमध्ये शंभराच्या वर टॅब गेले की आकडा जाऊन तिथे एक हसरा चेहरा येतो. माझ्याकडे तो कायमच असतो. परवा वरून खाली बघत गेलो तर मोरावळा कसा करावा (डिसेंबर), लोकलचं मेगाब्लॉकचं वेळापत्रक (कुठल्या रविवारचं देव जाणे), एका गाण्याचे शब्द, ते गाणं कुठलं ते आता आठवत नाही, आणि कोकम या विषयावर अकरा टॅब.

त्या अकरांचं कारण सांगतो. सोलकढी करायची होती. दादरहून बाटली आणलेली होती, लाल, वर कोकम लिहिलेलं. नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची ठेचून घातली, बाटलीतलं ओतलं, रंग तर एकदम हॉटेलसारखा गुलाबी. घोट घेतला आणि लसणाचं सरबत! ते अमृत कोकम होतं, साखरेतलं. पाहिजे होतं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. मग बसलो वाचत, आगळ कसं काढतात, आमसुलं रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात ती कशी, बियांपासून तेल निघतं ते थंडीत पायाच्या भेगांना लावतात, असं करत करत दुपारचा एक वाजला आणि जेवायला काहीच नव्हतं. त्या दिवशी मेतकूट-भात.

गेल्या गुरुवारी पन्हं केलं. कैऱ्या कुकरमध्ये तीन शिट्ट्या करून गर काढलेला होता, गूळ घालून विरघळेपर्यंत नुसता गरम करायचा होता. या वेळी ॲप-बिप नाही, रेडिओच लावला फोनवर. एकच गाणं. आईला बाहेरून सगळं ऐकू जात असतं, तिने हाक मारली, "गाणं संपलं रे, बंद कर."

तिच्याकडे जाहिराती लागल्या होत्या, माझ्या पातेल्यात शेवटचं कडवं नुकतं सुरू होत होतं. मी गॅस बंद केला, वेलची घातली आणि घामाने निथळत तिथेच उभा राहिलो कडवं संपेपर्यंत.