पाकळीचा ल

जुन्या दुकानाच्या पाटीसमोर कॅमेरा धरला की मिनिटभरात आतून कुणीतरी बाहेर येतं आणि विचारतं, "रुंदीकरणवाले का?" मी नाही म्हणतो. "मग नगरपालिका?" तेही नाही. नुसता पाटीचा फोटो काढतोय म्हटलं की संशय आणखी वाढतो. रुंदीकरण निदान कळतं तरी.

सात-आठ वर्षं झाली हा नाद लागून. पत्र्यावर रंगवलेल्या पाट्या, लाकडी फळ्या, भिंतीवरच्या जाहिराती. सातारा-फलटण भागात एका घराची मागची भिंत पोपडे धरून सोलली होती आणि चुन्याच्या दोन थरांखालून निळी अक्षरं डोकावत होती: "…चा रोगी कळवा, हजार रुप…" चाळिशीच्या पुढच्या कुणालाही उरलेली अक्षरं भरून देता येतील. देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. बक्षीस द्यायची वेळच उरली नाही, पण भिंतीनं ते अजून जाहीर करून ठेवलेलं. पुढच्या वर्षी गेलो तर तिथे सिमेंटची जाहिरात होती. माझ्याकडे फोटो आहे, तोही जरा हललेला.

पण खरा जीव जडला तो एका सायकलच्या दुकानावर. "श्री गणेश सायकल मार्ट. येथे सायकली भाड्याने मिळतील." पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, त्यांना उजवीकडून काळी शेड, कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही आणि १९७९. दुपारी बघितलं तर नुसता गंजका पत्रा. सकाळी सातला, ऊन तिरपं आलं की मात्र ब्रशचा प्रत्येक फराटा दिसायचा. शिरोरेखा एका दमात ओढलेली. "मार्ट"पर्यंत येता येता जागा कमी पडलेली, म्हणून ट अंग चोरून उभा. आणि "सायकल"मधला ल! दोन्ही पाकळ्या भरदार, डाव्या पाकळीच्या टोकाला रंगाचा एक थेंब साचून वाळलेला. त्या थेंबात पेंटर क्षणभर थांबलेला दिसतो. बहुतेक कुणीतरी चहा आणला असावा.

दुकानाचे मालक, तात्या, सांगायचे की पेंटर दोन दिवस ओट्यावर बसून होता. खडू लावलेली दोरी ताणायची, मधोमध धरून सोडायची, की पत्र्यावर पांढरी रेघ. अशा दोन रेघा मारल्या की झालं, बाकी सगळं हाताच्या अंदाजानं.

मी तात्यांना ल समजावून सांगितला होता. मराठीचा ल पाकळ्यांचा, हिंदीचा दांडीचा. श चंही तसंच, आपला देठाचा. २००९ साली राज्य सरकारनं शासन निर्णय काढून वर्णमाला ठरवून दिली, तिच्यातही हेच ल आणि श आहेत. तरी फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर जो फाँट आधी सापडेल तो चालतो, आणि तो बहुतेक वेळा दांडीचाच निघतो. २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण त्या मराठी पाट्यांवर ल मात्र हिंदी! तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंक्चर काढायचंय का?"

या वेडात मी एकटा नाही, एवढाच दिलासा. अमेरिकेत जॉन मार्गोलिस नावाच्या माणसानं जवळजवळ चाळीस वर्षं गाडी हाणत रस्त्याकडेचे मोटेल, पेट्रोल पंप, खाणावळी आणि त्यांच्या पाट्या टिपल्या. शक्यतो सकाळच्या उन्हात, चौकटीत गाडी नाही, माणूस नाही. त्याच्या अकरा हजारांहून जास्त स्लाइड आज तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कुणीही फुकट वापराव्यात. वॉकर इव्हान्स हा मोठा फोटोग्राफर तर उतारवयात पाट्यांचे फोटो काढून न थांबता पाट्याच घरी आणू लागला. आपल्याकडे हा प्रयोग केला तर फोटो पोलीस ठाण्यात निघेल.

मार्गोलिसची रिकामी चौकट मला काही जमत नाही. माझ्या चौकटीत वाढदिवसाचा फ्लेक्स येतो, विजेच्या तारा येतात, नेमकी कुणीतरी मोटरसायकल लावून जातो. पूर्वी मी चिडायचो. आता मोटरसायकल राहू देतो. शेवटी पाटी रस्त्यासाठीच रंगवली होती. आणि ही कला आहे का, असं विचारणाऱ्याला मी हुसेनचं नाव सांगून गप्प करतो. ते मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. हा युक्तिवाद जरा लंगडा आहे, मलाही माहीत आहे.

तर, सायकल मार्टचा फोटो मोठा छापून, काचेची फ्रेम करून मी दिवाळीत तात्यांना नेऊन दिला. तात्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. त्यांच्या मुलानं तर त्याहून बारकाईनं पाहिला. "आयला," तो म्हणाला, "केवढा गंजलाय आपला बोर्ड! रोज वर बघतो, पण कळलं नाही."

संक्रांतीला त्या रस्त्यानं गेलो, तर दुकानावर नवाकोरा फ्लेक्स. हिरवा-केशरी, वर गणपती, खाली मुलाचा हात जोडलेला फोटो आणि मोबाईल नंबर. "सायकल"चा ल दांडीचा. आत भिंतीवर माझी फ्रेम लटकत होती, तिला हारही घातलेला. जतन करायला गेलो आणि मीच पाटी उतरवून आलो.

"जुनी पाटी कुठंय?" मी विचारलं.

"मागं आहे की. टाकली न्हाय," तात्या म्हणाले.

मागच्या अंगणात शेणींच्या रचलेल्या ढिगावर पत्रा उपडा ठेवला होता, वर दोन दगड. मी गुडघ्यांवर बसून खालून बघायला लागलो. अंधारात काहीच धड दिसेना. तात्यांनी दगड बाजूला केले, पत्र्याची एक कड उचलून उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "थांबा जरा." मग खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकाला थुंकी लावून त्यांनी अख्ख्या पाटीवरचा तेवढा ल पुसून दिला.