कंट्रोलमध्येही सी-फॉस!

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पीसी१२ पेशी माझ्या गळ्यात पडल्या. रॅटच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या गाठीपासून ग्रीन आणि टिश्लर यांनी १९७६ साली तयार केलेल्या या पेशी. एरवी गोल गोल राहून डोपामिन साठवतात, स्रवतात. एनजीएफ हा चेतापेशींचा वाढघटक (एक प्रथिन) दिला की वाढणं सोडून चेतापेशींसारखे तंतू काढतात.

वाढवायला भारी कटकट. कोलॅजेन लावलेली डिश हवी, मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) घोड्याचं सिरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, हवं आणि द्राक्षांच्या घोसासारखे गुच्छ सिरिंजच्या सुईतून हळूच ओढून सोडवायचे. जरा जोर लागला की निम्म्या मेल्याच.

मला बघायचं होतं, एनजीएफ दिल्यावर अर्ध्या तासात सी-फॉस हे जनुक किती चढतं, म्हणजे किती जोरात चालू होतं. जुनंच निरीक्षण, १९८५ पासून माहीत असलेलं. फक्त हात बसवायचा होता. आरएनए (चालू जनुकाची प्रत) काढला, त्याचा सीडीएनए (डीएनए-रूप) केला, तो मोजायला क्यूपीसीआर लावलं. एनजीएफच्या डिशमध्ये सी-फॉस भरपूर. आणि कंट्रोलमध्येही, म्हणजे तुलनेसाठी एनजीएफ न दिलेल्या डिशमध्येही, तेवढंच!

तीन आठवडे मी प्रायमर (जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, आरएनए पुन्हा काढला, पिपेटवरसुद्धा संशय घेतला. शेवटी सीनियर ताईने विचारलं, "कंट्रोलला काय केलंस?"
"काहीच नाही. दोन्हीकडे ताजं मीडियम घातलं, एकात एनजीएफ."
"सिरमसकट?"
"हो."
"मग सिरमनेच चढवलं की गं!"

सिरममध्ये वाढघटक ठासून भरलेले असतात आणि हे जनुक त्यांना लगेच दाद देतं. पुढच्या खेपेस आदल्या रात्रीच सिरम एक टक्क्यावर आणलं. सकाळी मीडियमला हात न लावता एनजीएफचे मोजके मायक्रोलिटर सोडले. कंट्रोलला तेवढंच नुसतं बफर, पण बीएसए (गाईच्या सिरममधलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेलं. कारण पातळ एनजीएफ ट्यूबच्या भिंतींना चिकटतं, म्हणून त्यात बीएसए असतंच. या वेळी क्यूपीसीआरच्या पाच-सहा सायकलींचा फरक आला, दर सायकलीला दुप्पट, म्हणजे ३२ ते ६४ पट. तुलनेसाठी मोजलेलं, सहसा न बदलणारं जनुक जीएपीडीएच दोन्हीकडे सारखं.

मग हौसेने तिसऱ्या डिशला ईजीएफ हा दुसरा वाढघटक दिला. अर्ध्या तासाला सी-फॉस तिथेही झकास चढलं. पण पेशीच्या आत ईआरके या प्रथिनामार्फत जाणारा ईजीएफचा संदेश लवकर विझतो, एनजीएफचा तासन्‌तास टिकतो. शेजारी राखून ठेवलेल्या डिश पाचव्या दिवशी पाहिल्या: एनजीएफवाल्यांनी लांब तंतू काढले होते, ईजीएफवाल्या गोलच, फक्त आणखी दाटीवाटीने.