वेलांटीची घाई

"इ... क... रा... णा," नातीने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी. आत गुळाची ढेप फोडणं चालू होतं, मी पिशवी घेऊन तिच्यामागे उभी.

"अगं, इ आधी कशी?"

"आधीच लिहिलीय ना, आजी!"

खरंच की. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते आणि उच्चार मात्र मागून येतो. इतकी वर्षं वाचतेय, कधी खटकलं नव्हतं. "ती घाईने आधी येऊन बसते, पण बोलते क नंतर," म्हणत मी वेळ मारून नेली.

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, हे आपण काय ऐटीत सांगतो! शिकवायला बसलं की ऐट उतरते. गमभन झालं, काना-मात्रा झाल्या, म्हणून पाटीवर 'करवत' लिहिलं. तिने एकेक अक्षर बोटाने दाबलं. क, र, व, त. प्रत्येकाला भरघोस अ. "आता जोडून म्हण." तर 'करावाता'! बोलताना र मधला आणि त मधला अ आपण गिळून टाकतो, आणि कुठला गिळायचा याची काही खूणच लिहिलेली नसते. मी नियम आठवत बसले. ती आपली भराभर म्हणत सुटली, करावाता, करवाता, करवता... "करवत! आबांची!"

शब्द कानात होता म्हणून हाती लागला. तक्त्यावरचा 'ऐरण' मात्र नुसता आवाजच राहिला. चित्र तिला स्टुलाचं वाटतं. मलाही वाटतं.

'चार' आणि 'चारा' यांतला च एकच, उच्चार दोन. शेंडीफोड्या श नि पोटफोड्या ष ही नावं तिला भारी आवडली. आवाज वेगळे काढून दाखव म्हणाली, तेव्हा मी चहा ठेवायला उठले. तिच्या पुस्तकात ॲ आणि ऑसुद्धा आहेत. 2009 मध्ये शासनाने त्यांना वर्णमालेत घेतलं, त्यामुळे माझ्या बाराखडीची तिच्याकडे चौदाखडी झालीय. 'बॅट' ती न अडखळता वाचते.

दुकानाच्या पाटीवर 'किराणा'शेजारी 'भुसार' होतं. तेही तिने एका दमात वाचलं.

"म्हणजे काय?"

मी पोत्यांकडे बोट दाखवलं. दुकानदार हिशेबात होता तेवढ्यात तिने ज्वारीत कोपरापर्यंत हात खुपसला.