फोंड्याची विवाहनोंद आणि शके १८४९ चा माघ

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी पणजोबांच्या लग्नाची तारीख पक्की करायची होती आणि हाताशी तीन तारखा होत्या. जुन्या आवृत्तीत नुसतेच १९२७ साल होते, घरातल्या टंकलिखित दाखल्यात जुलै १९२८ होता आणि देवघरातल्या वहीत ‘शके १८४९, माघ वद्य ५’ असे लिहिलेले होते. त्यांचा निकाल लावण्यासाठी आम्ही गोव्यातील फोंड्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात गेलो.

वहीचा प्रश्न फोंड्याला निघण्यापूर्वीच सुटला. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते, परंतु माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत येत असल्याने तेथे ७९ मिळवावे लागतात. म्हणजे धार्मिक विवाह फेब्रुवारी १९२८ मध्ये झाला आणि जुन्या संपादकांनी घाईत १९२७ लिहून टाकले. कुलवृत्तांतांतील पौष-माघाच्या लग्नांची साले या दृष्टीने पुन्हा तपासावीत, असे माझे मत आहे.

गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू झाली आणि हे दप्तर तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात असते. काही जुने खंड पणजीच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतात, म्हणून कोणता खंड कोठे आहे याची आधी चौकशी करावी. धारबांदोडा हा अलीकडे झालेला तालुका असल्यामुळे तेथील गावांच्या जुन्या नोंदी मुख्यतः सांगे तालुक्याच्या दप्तरात शोधाव्यात. वधूचे नाव माहेरचे असते, त्यामुळे घरात रूढ असलेले सासरचे नाव सांगून काहीच हाती लागत नाही. आडनावांची लेखनपद्धतीही पोर्तुगीज असते: प्रभूचे ‘पोरोबो’, शेणवीचे ‘सिनाय’.

आमची नोंद सापडली तेव्हा खरा पेच समोर आला. पोर्तुगीजमध्ये जून आणि जुलै यांच्या नावांत मधल्या एका अक्षराचाच फरक आहे आणि कारकुनाच्या तिरप्या, जलद अक्षरात तो जवळजवळ नाहीसा झालेला होता. लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातील माध्यमिक शाळेत, शिकलेले नात्यातले एक आजोबा सोबत होते. त्यांनी तो शब्द वाचण्याचा हट्ट न धरता मागची-पुढची पाने उलटली. नोंदी अनुक्रमांकाने लागलेल्या होत्या, आमच्या आधीची नोंद जूनच्या पहिल्या आठवड्यातील आणि नंतरची त्याच महिन्याच्या अखेरीची होती, तेव्हा मधली नोंद जुलैची असणे शक्यच नव्हते. दाखला टंकित करणाऱ्याने अक्षर चुकीचे वाचले होते, एवढाच त्याचा अर्थ.

फेब्रुवारी आणि जून यांच्यात विरोध नाही, कारण पहिली तारीख मांडवातली आहे आणि दुसरी सरकारी नोंदीची. कुलवृत्तांतात आम्ही दोन्ही तारखा दिल्या आणि प्रत्येकीपुढे तिचा आधार लिहिला. वारसा किंवा मालमत्तेचे काम असेल, तर मात्र नागरी नोंदच पुढे करावी. गोव्यातील विवाहात आधी इच्छेचे निवेदन आणि काही दिवसांनी प्रत्यक्ष नोंद असे दोन टप्पे असल्याने, दोन तारखा दिसल्या म्हणून दोन लग्ने झाली असा तर्क कोणी करू नये.

संक्षिप्त दाखल्यावर समाधान मानू नये. ज्याला तेथे ‘तेओर’ म्हणतात ती नोंदीची संपूर्ण नक्कल मागावी, कारण नंतरच्या दुरुस्त्या आणि शेरे समासात असतात आणि छोट्या दाखल्यात ते बहुधा उतरत नाहीत. अर्जासोबत ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा न्यावा. छायाचित्र काढण्याची परवानगी मिळेलच असे गृहीत धरू नये, तेव्हा अनुक्रमांक, पान आणि खंड वहीत टिपून घ्यावेत.